सांध्यावर सांधा

माझ्या जावयाला मंगळावर भिंत सापडली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला दोन घास सुखाने खाता आले नाहीत.

भिंत म्हणजे फोटो. मंगळावर फिरणाऱ्या यंत्राच्या गाडीने काढलेला, कुणालाही फुकट बघता येणारा. जावईबापूंनी त्याचा एक कोपरा ताणून ताणून टेबलाएवढा केला, उजेड-अंधार वाढवला आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, ‘ही कुणी बांधली?’ असलं काही शोधणाऱ्या मंडळींची ही खास पद्धत. नुसता प्रश्न विचारून मोकळं व्हायचं. उत्तर त्यांचं आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त तोंडाचा आ करायचा. फोटो इतका ताणला होता की त्यात दगडापेक्षा संगणकाचे चौकोनच जास्त दिसत होते. तो त्यांनी जेवणाच्या खोलीत चिकटवला, माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर.

मी गवंडी. बेचाळीस वर्षं दगडाचं बांधकाम केलं, त्यातली पहिली सहा खाणीत दगड फोडण्यात गेली. बायको गेल्यापासून मुलीकडे राहतो. जावईबापू शाळेत भूगोल शिकवतात. माणूस निर्व्यसनी, स्वभावाने गरीब, पण पोहोच पुस्तकापुरती. मी पहिल्याच दिवशी फोटोकडे बघितलं, तीन घास खाईपर्यंत काय ते कळलं आणि सांगून टाकलं, ‘दगड आहे.’

‘कशावरून?’ त्यांनी विचारलं.

‘मी सांगतो त्यावरून,’ मी म्हणालो आणि वाटी पुढे केली. ज्याला भिंत कशाला म्हणतात हेच माहीत नाही, त्याच्यापुढे डोकेफोड कशाला करायची?

जावईबापू एकटे असते तर चाललं असतं. पण त्यांचं एक मंडळ होतं. परग्रह वास्तू अभ्यास मंडळ. अध्यक्ष होता एक दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दातांत भोकं शोधायची आणि रविवारी मंगळावर दारं. एका निवृत्त पोस्टमास्तरला तिथे चप्पल सापडली होती, तीही एकाच पायाची. एका बाईंना झोपलेलं अस्वल दिसलं होतं, आणि त्या अस्वलाबद्दल त्या इतक्या मायेने बोलायच्या की कधीतरी ते उठेल आणि त्यांच्याकडे राहायला येईल असं वाटावं. करोडो कोस दूर जाऊन यांना काय सापडतं, तर घरातला पसारा. नवीन काही दिसावं एवढीही कल्पनाशक्ती नाही. छतावरच्या ओलीच्या डागात माझ्या मुलीला लहानपणी उंट दिसायचा. ती पाच वर्षांची होती, म्हणून तिला माफ होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जावईबापूंनी तो फोटो सातवीच्या वर्गात दाखवला आणि सांगितलं की ही बांधलेली भिंत आहे. पालकांनी तक्रार केली. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून स्पष्ट सांगितलं, मुलांना सांगा की हा खडक आहे, नाहीतर शाळा सोडा. जावईबापूंनी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. सोमवारी द्यायचा होता.

‘जे मला खरं वाटतं ते मी मुलांपासून लपवणार नाही,’ ते म्हणाले. ‘पण एक आहे. बाबांनी रविवारी मंडळात यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. आमच्यात एकही बांधकामातला माणूस नाही. भिंत नाही हे त्यांनी मला पटवून दिलं, तर मी फोटोही मागे घेईन आणि मुलांनाही तसं सांगेन.’

मी म्हणालो, मला रविवारी दुसरी कामं आहेत. मला कसलीही कामं नव्हती.

रविवारी सकाळी मुलगी माझ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून ती पाचव्यांदा इस्त्री फिरवत होती, म्हणजे बोलायचं बरंच होतं. सदरा हातात देताना म्हणाली, ‘बाबा, तिथे टोमणे मारू नका. त्याला नीट समजावून सांगा.’

‘बारा वर्षांत त्यांनी माझं काही ऐकलंय?’

‘बारा वर्षांत तुम्ही त्याला काही नीट सांगितलंय?’ तिचा आवाज चढला. ‘चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. शिकवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही, आणि शिकवतो तो चांगलं, हे तुम्हालाही माहीत आहे. उद्या ती चिठ्ठी दिली तर तो घरात बसेल. मग आयुष्यभर भिंतीच बघेल.’

मी सदरा घातला.

मंडळाची सभा एका खाजगी शिकवणीच्या वर्गात भरायची. मुलांसाठीचे लहान बाक, त्यांत गुडघे दुमडून बसलेली चाळीसेक मोठी माणसं, आणि पडद्यावर आमच्या जेवणाच्या खोलीतली भिंत. डॉक्टरने अर्धा तास प्रास्ताविक केलं. त्यात ‘जाणूनबुजून दडवलं जातंय’ हे चार वेळा आलं. जे सगळ्या जगासमोर उघडं टाकलंय तेच दडवलंय कसं, हे विचारायची सोय नव्हती. जावईबापू पहिल्या बाकावर बसले होते आणि त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता.

माझं नाव पुकारलं. मी आधी वर्गातल्या कपाटातून सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं काढली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आली असावीत. टेबलावर दोन पुस्तकं शेजारी-शेजारी आडवी ठेवली. त्यांच्यामधल्या फटीवर तिसरं पुस्तक आडवं टाकलं, वर पुन्हा दोन, मग पुन्हा एक.

‘याला सांधेमोड म्हणतात,’ मी म्हणालो. ‘खालचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली गेला पाहिजे. जगात कुठेही जा, ज्याने आयुष्यात एक भिंत बांधली त्याला हे कळतंच. का, ते बघा.’ मग मी बाजूला तीच पुस्तकं एकावर एक अशा दोन चळतींत लावली, फटीवर फट, म्हणजे सांध्यावर सांधा येईल अशी. फटीत बोट घातलं. दोन्ही चळती दोन बाजूंना सरकल्या. ‘ही भिंत नाही. या शेजारी उभ्या राहिलेल्या दोन चळती आहेत. पहिल्या पावसाळ्यात पोट फुगेल, दुसऱ्यात खाली.’

मग मी लाकडी पट्टी घेतली आणि पडद्यावरच्या फोटोतल्या भेगांवरून वरून खाली फिरवली. ‘सात थर आहेत. उभ्या भेगा अकरा. अकराच्या अकरा वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत सरळ जातात. एकीनेही वाट बदललेली नाही. असा खडक मी खाणीत सहा वर्षं रोज फोडला. आधी थरावर थर बसतो, त्याचा दगड होतो, आणि नंतर सगळ्या थरांना मिळून तडा जातो. बांधणाऱ्याचे सांधे असे येत नाहीत. तुम्ही आडव्या रेघा बघितल्यात आणि खूश झालात. उभ्या कुणी बघितल्याच नाहीत.’

दोन-चार जण मान लांब करून भेगा मोजायला लागले. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टर उठला. माणूस गोड बोलायचा, सुई टोचण्याआधी बोलायची सवय असणार. ‘काका, तुमचा अनुभव मोठा आहे. पण चूक कुणाच्याही हातून होते. तिथला गवंडीही चुकला असेल. तुम्हीच सांगा, बेचाळीस वर्षांत तुमच्या हातून एकदाही सांध्यावर सांधा आला नाही?’

चाळीस चेहरे माझ्याकडे वळले. हो म्हटलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. ‘बघा, माणसाच्या भिंतीतही येतो!’ म्हणून टाळ्या पडल्या असत्या, आणि सोमवारी चिठ्ठी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर गेली असती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एकदाही नाही.’

हे धादांत खोटं होतं. सार्वजनिक वाचनालयाची मागची भिंत मी बांधली आहे. तिच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीच्या खाली, सहा थर सांध्यावर सांधा आहे. लांब दगड संपले होते, नवे यायला चार दिवस होते, आणि हात बांधून बसणं मला मानवत नव्हतं. हाताशी सगळे एका मापाचे दगड होते, अर्धे तोडत बसायचा कंटाळा केला आणि तेच एकावर एक रचत गेलो. दुसऱ्याच थराला मला दिसलं होतं. तरी वर गेलो, कारण खालचं उकलायचं तर हाताखालच्या सहा जणांना कळलं असतं की मिस्त्री चुकला. मग ओल येईल असं कारण सांगून ती अख्खी भिंत मी गिलाव्याखाली घातली. त्याला तीस वर्षं झाली. बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

डॉक्टर पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात जावईबापू उभे राहिले.

‘डॉक्टर, थांबा,’ ते म्हणाले. ‘बाबांचं बरोबर आहे. ही भिंत नाही. सात महिने मी हा फोटो रोज बघतोय, आणि उभ्या भेगांकडे माझं लक्षच गेलं नाही. मला भिंत हवी होती म्हणून ती दिसली. माझी चूक झाली. फोटो मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावरून काढून टाका, आणि का काढला तेही खाली लिहा.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘नोकरीला घाबरला.’ पोस्टमास्तर म्हणाला की सासऱ्याने घरी दम दिला असेल. अस्वलवाल्या बाईंनी तोंड फिरवलं. जावईबापू उभेच होते. मान खाली नाही, हातवारे नाहीत, उलट उत्तर नाही. मी मात्र खुर्चीत बसलो होतो, सभा जिंकून, आणि मला वर बघवत नव्हतं.

परत येताना आम्ही चालत निघालो. भर दुपार होती, दुकानं बंद होती. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, मी चिठ्ठी उद्या देणारच आहे.’

‘आता कशाला? भिंत तर गेली.’

‘म्हणूनच. तुम्ही बेचाळीस वर्षांत एकदा चुकला नाहीत. आणि मी डोळ्यांसमोरची चूक सात महिने बघत बसलो, वर ती मुलांना शिकवली. अशा माणसाने वर्गात उभं राहायचं कोणत्या तोंडाने?’

मी थांबलो. मुलीने मला एक काम सांगितलं होतं आणि मी ते नेमकं उलटं करून ठेवलं होतं. या माणसाला मी बारा वर्षं बावळट समजत आलो, आणि तो माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून आपली नोकरी सोडायला निघाला होता.

‘चुकलोय मी,’ मी म्हणालो. ‘तिथे खोटं बोललो.’

आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी त्यांना वाचनालयाची भिंत सांगितली. कोपरा सांगितला, खिडकी सांगितली, सहा थर सांगितले, गिलावाही सांगितला. सांगताना मला दोनदा पाणी प्यावंसं वाटलं, पण पाणी नव्हतं.

ते माझ्या शेजारी बसून ऐकत होते. मला वाटलं चिडतील. हसले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. ते विचार करत होते.

‘सहा थर,’ ते म्हणाले. ‘पण एकाच जागी?’

‘एकाच जागी. बाकीच्या सगळ्या भिंतीत सांधेमोड आहे.’

‘आणि फोटोत अकरा जागी, वरपासून खालपर्यंत. बाबा, मग हेच सांगायचं होतं ना डॉक्टरला! माणसाची चूक एखाद्या ठिकाणी होते, आजूबाजूचं काम नीट असतं, म्हणून तर ती चूक कळते. जिथे सगळीकडेच तसं आहे तिथे ती चूक नाही, तो खडक. हे बोलला असतात तर त्याच्याकडे उत्तरच नव्हतं.’

एवढं साधं होतं. मला हे सभेत सुचलं नाही, कारण सुचण्याआधी ‘हो’ म्हणावं लागलं असतं. चाळीस मूर्खांसमोर मी शहाणा ठरायला गेलो आणि त्या सगळ्यांत मोठी खोटी भिंत मीच उभी केली. त्या पोस्टमास्तरला निदान चप्पल खरोखर दिसत होती.

जावईबापू उठले, पँट झटकली आणि मला हात दिला.

‘चिठ्ठी राहू दे. उद्या दुसऱ्या तासाला सातवीला घेऊन वाचनालयामागे येतो,’ ते म्हणाले. ‘माझी चूक मी वर्गातच सांगेन. तुमची तुम्ही तिथे सांगायची.’

‘गिलावा आहे. काही दिसणार नाही.’

‘म्हणून तर तुम्ही हवे आहात.’

‘चाळीस पोरांसमोर?’ मी विचारलं.

‘आज चाळीस माणसांसमोर नाही म्हणालात ना, बाबा? तेवढ्यांसमोर उद्या हो म्हणा.’

मी मान हलवली.

‘मान नको,’ ते म्हणाले. ‘तोंडाने म्हणा. सवय करा.’

‘हो,’ मी म्हणालो.