फारो हो म्हणाला तेव्हा

हरी साळवेला फारोची भूमिका त्याच्या बायकोनेच, शलाकाने, दिली. बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठी उपासना होते. तिथल्या संडे स्कूलच्या संमेलनासाठी तिने मोशे आणि फारोचं नाटक बसवलं होतं: मिसरचा राजा फारो गुलाम इस्राएली लोकांना सोडायला दर वेळी नकार देतो आणि देव त्याच्यावर बेडूक, टोळ, गारा अशी एकेक पीडा पाठवतो, ती बायबलमधली गोष्ट. हरी उंच, आवाज भारदस्त, आणि ऑफिसात टीमच्या रजा नाकारून नाकारून 'नाही' म्हणण्याचा सराव दांडगा.

पण तालमीत तो एका ओळीवर अडला. निवेदन होतं, 'परमेश्वराने फारोचं मन कठीण केलं.'

"थांबा," हरी म्हणाला. "मन देवानेच कठीण केलं, तर बेडूक माझ्या घरात का? मला 'नाही' म्हणायला लावणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच?"

"तू संवाद पाठ कर," शलाका म्हणाली.

हरी थेट चर्चच्या पाळकसाहेबांकडे, कृष्णाजी रणपिसे यांच्याकडे गेला. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूतच वाढलेलं, बोलण्यात कानडी मिसळलेलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रश्न जुना आहे, अण्णा. देवाने मन कठीण केलं असं लिहिलंय, आणि फारोने स्वतःच केलं असंही लिहिलंय. दोन्ही खरं."

"दोन्ही कसं खरं? आमच्याकडे एका चुकीला एकच जण जबाबदार असतो."

"तुमच्याकडे असेल. स्वल्प चहा घ्या."

त्या चहाने हरीचं समाधान झालं नाही. त्याला फारोची दया यायला लागली. एका सकाळी नाश्त्याला बसल्यावर त्याने विचारलं, "हा उपमा मी माझ्या मर्जीने मागितला, की तू मला मागायला लावलास?"

"घरात रवाच होता," शलाका म्हणाली. "खा."

संमेलनाच्या दिवशी हॉल भरला होता. पडद्यामागे हिरव्या टोप्या घातलेले बेडूक आणि पुठ्ठ्याचे पंख लावलेले टोळ ताटकळत होते. मुलांच्या आयांनी ते कपडे रात्री जागून शिवले होते. मोशे झालेला नंदू दाढी सावरत पुढे आला. नंदू हरीच्याच टीममध्ये होता.

"फारो!" तो ओरडला. "माझ्या लोकांना जाऊ दे!"

हरीने सिंहासनावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या घामेजलेल्या चेहऱ्याला नाही म्हणायचं कारणच त्याला सापडेना.

"बरं," तो म्हणाला. "जा."



"जाऊ?" नंदूने विचारलं.

"जा ना. गुरंढोरंही घेऊन जा."

नंदूला पुढचं एकच वाक्य पाठ होतं. "तर मग नदीचं रक्त होईल!"

"अरे, पण मी हो म्हणालोय!"

लोक हसायला लागले. विंगेतून शलाकाचा आवाज आला, आणि तिच्या हातात माइक चालू होता. "हरी! मन कठीण कर!"

"नाही करणार! माझी इच्छा स्वतंत्र आहे!"

एवढ्यात पडद्यामागे कुणीतरी रडायला लागलं. आपली पाळी येणारच नाही, हे बेडकांना कळलं होतं. पडदा हलला आणि सगळे बेडूक एकदम रंगमंचावर घुसले. एक हरीच्या मांडीवर बसला, दोघांनी मुकुट ओढला, एकाने त्याच्या कानात जिवाच्या आकांताने "डरांव" केलं.

"बस्स!" हरी खराखुरा भडकला. "कोणी कुठेही जाणार नाही! एकही माणूस नाही! आधी हे बेडूक हटवा!"

टाळ्या पडल्या. नंदूचा जीव भांड्यात पडला. मग टोळ आले, गारा आल्या, अंधार झाला, आणि हरी प्रत्येक वेळी मनापासून चिडत गेला. एवढा चांगला फारो मंडळीने कधी पाहिला नव्हता.

जेवणाच्या वेळी पाळकसाहेब ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले. "तो नकार कुणाचा होता, अण्णा?"

हरीने विचार केला. "माझाच. कुणाच्या सांगण्यावरून नाही, खरंच राग आला." मग त्याला आठवलं. "पण शलाकाने तिथे 'नाही'च लिहिलं होतं."

"हं," पाळकसाहेब म्हणाले आणि बिर्याणी वाढून घ्यायला उठले.

हरी शलाकाकडे वळला. "बेडूक तू सोडलेस ना?"

"मी? ते आपणहून सुटले," ती म्हणाली. मग लिंबू पिळत पुढे म्हणाली, "मी फक्त त्यांना अडवलं नाही."

 पलीकडून नंदूने हळूच विचारलं, "सर, शुक्रवारची रजा..."

"घे," हरी म्हणाला. "आणि कारण विचारू नकोस. मलाच माहीत नाही."