खुरनाथबाबांचं जांभळं तीर्थ

खरवईच्या खुरनाथबाबांचा मठ एका गुरुवारी दुपारी कायमचा बंद पडला. पण गावाने ठरवलंय की असं काही घडलंच नाही, कारण घडलं म्हटलं तर रांगेत कोण कोण उभं होतं तेही सांगावं लागेल. तेव्हा आपणही समजू की मठ जोरात आहे, साल २००६ आहे आणि पाण्याच्या दगडी डोणीपुढची म्हशींची रांग नव्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत गेली आहे. वॉचमन म्हशींना व्हिजिटर समजून सलाम ठोकतोय.

गावात लाळ-खुरकत आली होती. तोंडात फोड, खुरांत जखमा, ओठांवरून लाळेच्या तारा. बाबा शिंगाला काळा दोरा बांधत, डोणीतलं तीर्थ पाजत आणि पंधरवड्यात म्हैस रवंथ करू लागे. बाबा पूर्वी उल्हासनगरच्या बाजारात सोफ्याची कव्हरं विकत, त्यामुळे आशीर्वादातही गॅरंटी होती. "रिझल्ट नाय, तर दुसरा दोरा फ्री!"

याहून मोठा चमत्कार म्हणजे त्यांना भविष्य दिसे. धडधाकट म्हशीच्या डोळ्यांत बघून ते म्हणत, "हिच्यावर सावली आहे. आठवड्यात कळेल." आठवड्यात कळायचंच.

डॉ. पद्मजाने उमेदीची सगळी वर्षं याच रोगाच्या विषाणूवर संशोधन करण्यात घालवली होती. तिची आई, द्रौपदीबाई, पाहुण्यांना "मुलगी सरकारी डॉक्टर आहे" एवढंच सांगायची. 'म्हशींची लाळ तपासते' म्हटलं की स्थळं चहा न घेताच उठत.

शेजारच्या विठाची एक पारडी बाबांचा दोरा बांधूनही उभ्या उभ्या कोसळून मेली होती. आता ती दुसरीला गुरुवारी डोणीवर न्यायला निघाली होती.

"विठाताई, मोठी म्हैस यातून आपोआप उठते," पद्मजा म्हणाली. "पारडीचं काळीज बसतं. नेऊ नका हो."

"आधीच्या पारडीच्या वेळी माझा दोरा सैल पडला, बाबा बोलले. आता गाठी जास्त मारते."

"त्यापेक्षा लस टोचून घ्या."

"सुईनं दूध आटतं, मॅडम."

"पारडी कुठे दूध देते?"

विठाने विचार केला. "पुढं देईल ना. तवा आटंल."

पद्मजा मठात गेली. तिथला नियम सोपा होता: आजारी जनावरं रविवारी, निरोगी बचावासाठी गुरुवारी, डोणी मात्र एकच. "पाणी बदलायचं नाय," बाबांचा म्हातारा शिष्य बाळाजी म्हणाला. "तीर्थाची पॉवर जाते."

गावात एकट्या शंकररावांच्या म्हशी डोणीवर गेल्या नव्हत्या, कारण शंकररावांना मठाचा चढ झेपत नसे. खरवईत तेवढ्याच म्हशी नास्तिक होत्या आणि तेवढ्याच ठणठणीत.

बुधवारी संध्याकाळी पद्मजाने डोणी रिकामी केली, धुण्याच्या सोड्याने घासली आणि ताजं पाणी भरलं. बाळाजी आला तेव्हा ती काठ पुसत होती; ही सेवा समजून त्याने तिला खडीसाखर दिली. गुरुवारी तिने रांगेत पहिली उभी केली ती शंकररावांची म्हैस. तिच्या तोंडाला आतून-बाहेरून, पोरांच्या तोंड येण्यावर लावतात ते जांभळं औषध फासलेलं होतं.

म्हैस प्यायली. पाणी जांभळं झालं.

"तीर्थ जागृत झालं!" बाबा गरजले आणि पुरावा म्हणून स्वतःच ओंजळभर प्यायले. मिशी जांभळी, दात जांभळे. लोकांनी हात जोडले. एकामागून एक म्हशी प्यायल्या, तोंडं जांभळी करून गंभीरपणे बाजूला उभ्या राहिल्या.

विठाची पारडी पुढे सरकली तेव्हा पद्मजाने विचारलं, "औषध मी एकाच म्हशीला लावलं. एवढ्या तोंडांत कसं गेलं?"

"डोणीतून," कोणीतरी म्हणालं.

"आणि रविवारी आजारी म्हशी डोणीत काय सोडतात?"

पारडीचं नाक पाण्याला टेकणार, तोच विठाने कासरा मागे ओढला. "लाळ," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "म्हणजे माझी पारडी दोऱ्यानं नाय गेली. तुमी पाजलंत म्हणून गेली."

"हा डेमो पीस आहे," बाबा जांभळ्या दातांनी म्हणाले. "ओरिजिनल तीर्थ आत आहे." ते आणायला आत गेले ते मागच्या दाराने अंबरनाथच्या दिशेने, उपरण्याने तोंड झाकून.

दोरा पंधरवड्याचा होता, कारण रोगच पंधरवड्याचा. भविष्य खरं ठरे, कारण ते डोणीत आधीच कालवलेलं असे. एखादी गोष्ट केली आणि मग बरं वाटलं, तर त्या गोष्टीनेच बरं वाटलं असं नसतं. आधी विचारावं, ज्यांनी ती केली नाही त्यांचं काय झालं? खरवईत याचं उत्तर शंकररावांच्या गोठ्यात बांधलेलं होतं. कोणी जाऊन बघितलं नाही इतकंच.

पारडीला लस टोचली. विठाने तोंड फिरवलं, पारडीने नाही. दुसऱ्या दिवशी पद्मजाने वरिष्ठ कार्यालयात अर्ज दिला. त्याचा शेवट असा:

"तरी विनंती की, यापुढे ज्या कोणास चमत्कार करावयाचा असेल त्याने तो जनावरांच्या एका गटावर करावा, चमत्कार न केलेला दुसरा गट शेजारी बांधून ठेवावा व दोहोंतील फरक तीन प्रतींत सादर करावा. मंजुरी मिळेपर्यंत सर्व अवतार स्थगित ठेवण्याचे आदेश व्हावेत."