अब्बासभाईंच्या मागावरचं काचेचं कौल

मी काचेचं कौल बोलतंय. येवल्यात, रंगनाथशेठच्या पैठणीच्या कारखान्यावर बसलेलं. शेजारची मातीची कौलं मला पाहून नाकं मुरडतात. मुरडोत बापडी! त्यांच्यातून आरपार दिसत नाही, त्याला मी काय करू?

शेठनी मला नाशिकहून हौसेनं आणलं आणि आपल्या गादीच्या बरोबर वर बसवलं. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, ते मात्र भिंतीकडच्या अंधारात.

शेठ मनाचे वाईट नव्हते. दर खंडेनवमीला मागांची पूजा झाली, की एकेकाच्या हातावर पेढा ठेवत विचारायचे, "काही अडचण असली तर सांगा हं." सगळे म्हणायचे, "छे, शेठ! झकास चाललंय." शेठ खूश व्हायचे. मलाही ते खरंच वाटायचं.

एका वर्षी दसरा उलटला आणि सगळ्यांत जुने विणकर अब्बासभाई म्हणाले, "शेठ, मी मालेगावला मेव्हण्याकडे चाललो. आता माग जमत नाही."

शेठचा चेहरा पडला. "अहो, परवाच तर झकास म्हणालात!"

रेशमाच्या धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या कुसाबाईंना राहवलं नाही. "हातात पेढा ठेवून इचारल्यावर कडू कोन बोलंल, शेठ?"

शेठ गादीवरून उठून अब्बासभाईंच्या मागाशेजारी जमिनीवरच बसले. मग अब्बासभाई हळूच म्हणाले, "दुपार कलली की हिरवा अन् निळा धागा सारखाच दिसतो. मोराची मान दोनदा उसवावी लागली. लोक म्हणतात, अब्बास म्हातारा झाला. मी म्हातारा नाय झालो, शेठ. इथं उजेड नाय."

माझा सगळा उजेड तर गादीवर पडत होता!

शेठनी त्याच दिवशी शिडी मागवली आणि मला गादीवरून काढून अब्बासभाईंच्या मागावर बसवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुणी न विचारता, अब्बासभाई मोठ्यानं म्हणाले, "शेठ, ऊन थेट डोक्यावर येतंय हो! रेशीम विटंल."

सगळे माग थांबले. एवढं करूनही हा माणूस कुरकुरतो! पण शेठ हसले. पुन्हा शिडी आली. मला दोन हात उत्तरेला सरकवलं. संध्याकाळी अब्बासभाईंनी मेव्हण्याला निरोप धाडला, येत नाही म्हणून.

आता माझा एक कोपरा टवकलाय, अंगावर धूळही बसलीय. खाली रोज कुणी ना कुणी कुरकुरतं, आणि मला ते ऐकायला फार बरं वाटतं. तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर बाबांनो, त्यांच्याजवळ जाऊन बसा. ती बोलतील. बोलली, की नुसती मान डोलवू नका. शिडी मागवा.