सरावाचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. मला पाहायला कधी कुणी गर्दी केली नाही, कारण मी खरा नव्हे. खरा मुकुट सोन्याचा, रत्नांचा. तो तिजोरीत असतो आणि राज्याभिषेकालाच बाहेर येतो. मी पितळेचा. माझ्या कडेत शिसं ओतलेलं आहे. राजवाड्याच्या अभ्यासिकेत, पृथ्वीच्या गोलाशेजारी, एका लाकडी पेटीत मी राहतो.

माझा जन्म एका रिवाजामुळे झाला. नव्या राजाने मुकुट घालून लांबलचक दरबार ओलांडायचा, पायऱ्या चढायच्या आणि सिंहासनावर बसायचं. या वाटेत मान खाली गेली तर राज्य बुडतं, असं इथले लोक मानतात. कधीकाळी एका राजाची मान जराशी झुकली आणि त्या वर्षी नदीला पूर आला म्हणे. पूर दरवर्षीच यायचा, पण ते बोलणार कोण? तेव्हापासून वारसाला लहानपणीच सराव द्यायचं ठरलं. तांबटाला हुकूम गेला, वजन खऱ्याच्या सव्वापट ठेव, म्हणजे पुढे खरा हलका वाटेल.

तांबटाने मला घडवलं, स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिलं आणि लगेच उतरवलं.

"हे पोराच्या डोक्यावर ठेवणार?" तो बायकोला म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय का कुणी?" ती म्हणाली.

तसं कुणी विचारलं नव्हतंच. मी राजवाड्यात आलो.

माझ्याखालून बरीच डोकी गेली. अलीकडची दोन, एका बहीणभावाची, मला नीट आठवतात. बहीण थोरली. तिला मी मनापासून आवडायचो. मला डोक्यावर घेऊन ती जिना पळत चढायची. शिकवणाऱ्या मास्तरांना मुलं 'ओळंबामास्तर' म्हणत, कारण ते स्वतः भिंतीच्या कोपऱ्यासारखे सरळ उभे असत. तेही तिच्यावर खूश होते. मग भाऊ जन्मला. वारसा मुलाचा, मुलगा नसला तरच मुलीचा, असा इथला कायदा. भाऊ चालू-बोलू लागला आणि माझी पेटी तिच्या खोलीतून उचलली गेली. नेण्याआधी तिने मला आपल्या ओढणीने लख्ख पुसलं.

भाऊ मात्र पहिल्या दिवशी रडला. त्याला जमिनीवरच्या मुंग्या बघायच्या असत. मान खाली गेली की मास्तरांची छडी हनुवटीखाली येई. हळूहळू त्याच्या मुंग्या सुटल्या. पुढे तो राजा झाला, दरबारातून एकदाही न झुकता चालत गेला. नगारे वाजले, मास्तरांना शाल मिळाली, मी पेटीत गेलो.

त्याची मान आता वाकतच नाही. ताटातलं अन्न त्याला दिसत नाही, कागद कुणाला तरी समोर धरावे लागतात. जो त्याच्यापुढे वाकतो, तो त्याला दिसेनासा होतो. दरवर्षीच्या भाषणात तो म्हणतो, "राज्य हे सुख नव्हे, ओझं आहे." लोक डोळे पुसतात.

त्याला एकच मूल, आठ वर्षांची छकुली. मोठ्या तापातून उठल्यापासून ती नाजूक आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की तिच्या मानेवर वजन नको. पण सराव न केलेल्या मुलाला वारसा मिळत नाही. वारसा मग तिच्या आत्याच्या, म्हणजे त्याच थोरल्या बहिणीच्या, मुलाकडे गेला असता. राजाने माझी पेटी उघडायला लावली.

त्याच सकाळी, मास्तर छकुलीला सरळ उभं राहायला शिकवत असताना, आत्या अभ्यासिकेत आली.

"काय बाळराजे, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. माझ्या वेळीही असंच म्हणाले होते. मला काही झालं का?"

"स्वतःचे पाय बघून दाखव, मग सांगते."

छकुली फिसकन हसली. मास्तरांनी छडी तिच्या हनुवटीला टेकवली.

"सोड तिला," आत्या भावाला म्हणाली. "ओझं, ओझं म्हणून गावभर सांगतोस. दे की माझ्या लेकाला. त्याची मान रेड्यासारखी आहे."

"म्हणजे त्यासाठी आलीस होय, ताई!"

"त्यासाठीही आले. खोटं कशाला बोलू? मला हे हवं होतं, अजूनही हवंय. पण त्यात पोरीची मान वाचत असेल, तर तुझं काय जातंय?"

राजाने मला पेटीतून उचललं. मग म्हणाला, "आमचं ओझं दुसऱ्यावर कसं टाकू?"

"आणि लेकीवर टाकतोयस ते?"

मित्रांनो, जिना चढणाऱ्या हमालाला कुणी हात देऊ केला, तर तो नको म्हणत नाही. राजाने मात्र मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्याने स्वतःच मला छकुलीच्या डोक्यावर ठेवलं.

सुरुवातीला ती म्हणायची, "बाबा, बोटांना मुंग्या येतात."

"सवय होईल," तो म्हणायचा.

मग तिने सांगणं सोडलं. सगळ्यांना वाटलं, सवय झाली.

काल राजदंड घेऊन चालायचा सराव होता. राजदंड म्हणजे एक जड लाकडी काठी. अर्ध्या वाटेत ती छकुलीच्या हातून सुटली आणि फरशीवर दणकन आपटली. छकुली तशीच चालत राहिली. मान ताठ, नजर समोर.

"शाब्बास!" मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत, महाराज? काठी पडली तरी खाली बघितलं नाही!"

राजा कित्येक दिवसांनी हसला.

मी तिच्या डोक्यावर होतो, म्हणून मला दिसलं. तिची बोटं अजून मुठीसारखी वळलेली होती. काठी आपल्या हातात नाही, हे तिला कळलंच नव्हतं. "कुणाचं काय पडलं?" असं तिने हळूच विचारलंही. टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आज माझ्या कडेत आणखी शिसं भरणार आहेत. छकुलीला मी हलका वाटू लागलो आहे, असं मास्तरांचं म्हणणं आहे.

मित्रांनो, मला हात नाहीत, मी आपणहून खाली उतरू शकत नाही. मला अडगळीत टाका, वितळवून भांडी करा, माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणाला त्या अभ्यासिकेत जाता आलं, तर छकुलीला दुखतं का म्हणून विचारा. आणि ती नाही म्हणाली, तर आधी मला उतरवा.