थांबलेली स्क्रीन

"बाबा, आईला आत नेताहेत. एकदा तोंड तरी दाखवून जा," मुलगी फोनवर म्हणाली.

"आलोच," ते म्हणाले आणि खुर्चीवरून हलले नाहीत.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं ते सर्व्हर सांभाळत होते. समोर ब्राउझरमध्ये लॉग चालू असे. कोणत्या विभागाने काय मागवलं, काय पोचलं, त्याची ओळीमागून ओळ सरकत जायची. सगळे त्यांना 'ओळीवाले' म्हणत. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी दम भरत, "वाचायला स्क्रीन थांबवलीत तर लगेच चालू करा. थांबलेली स्क्रीन आणि बंद पडलेला सर्व्हर दिसायला सारखेच." आज बायकोचं ऑपरेशन होतं. हक्काची रजा सोडून ते कामावर आले होते. इथे बसून सगळं आधी कळतं, असं ते सांगत. खरं म्हणजे खाली जायची त्यांना भीती वाटत होती.

पावणेबाराला बायकोच्या पेशंट-नंबरची ओळ आली. रक्त हवं, दोन पिशव्या, तातडीने.

ओळ निसटू नये म्हणून त्यांनी स्क्रीन थांबवली. चारदा वाचली. मग रक्त पोचल्याच्या ओळीची वाट बघू लागले. तीन मिनिटं गेली, पाच गेली. एकही नवी ओळ येईना.

सर्व्हर बंद पडला, मागणी पोचलीच नाही, आणि ती तिथे टेबलावर! तो पुन्हा सुरू करायला सहा मिनिटं लागणार होती. त्यांचा हात रीस्टार्टच्या बटणाकडे गेला.

"अहो, हात काढा आधी!" शेजारच्या टेबलावरच्या बाई ओरडल्या. पंख्यावरून दोघांचं रोज वाजायचं. "माझ्याकडे सगळं चालू आहे. चालता सर्व्हर बंद करताय? स्क्रीन थांबलीय तुमची. तुम्हीच थांबवलीत."

त्यांनी लॉग चालू केला. अडलेल्या ओळी भराभर धावल्या. त्यातच होतं, रक्त कधीच पोचलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंकडे बघवेना.

पाऊण तासाने पुन्हा तिचा नंबर आला. दोन्ही पिशव्या परत.

ही ओळ त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. कधी रक्त लागत नाही म्हणून परत येतं. कधी ज्याला द्यायचं तोच राहत नाही. ते पुढच्या ओळीकडे डोळे लावून बसले.

"बसलात काय? जा खाली," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या ओळी मी बघते."

ते कठडा धरून जिना उतरले. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मुलगी उभी होती.

"कुठे होतात बाबा? बरी आहे ती. रक्त द्यावंच लागलं नाही. पण आत जाईपर्यंत मान वळवून जिन्याकडेच बघत होती."

चाकांची खाट बाहेर आली. बायकोने डोळे किलकिले केले.

"तुमचं ते... बंद नाही ना पडलं?"

"नाही गं," ते म्हणाले. "मीच थांबवलं होतं."

खाट निघाली. तिचा हात धरून तेही चालू लागले, खाटेच्या वेगाने.