काळ्या कोंबड्यांची पांढरी पिल्लं

फर्डिनंड सरांच्या खुराड्यात आठ पिल्लं निघाली. पिसं फुटली तेव्हा त्यांतली चार काळी होती आणि चार पांढरीशुभ्र. सर तडक कुंपणाशी गेले आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याकडे टक लावून पाहू लागले. कोंबडा पांढरा होता. त्याने मान फिरवली. सरांच्या मनात पाल चुकचुकली.

सरांचा कोंबडा काळा, कोंबड्याही काळ्या. मग हा पांढरा रंग काय होळीच्या बाजारातून आला? कुंपणापलीकडे ॲन्सेल्मची केळीची वाडी होती, आणि ॲन्सेल्म नुसता शेजारी असता तर प्रश्न नव्हता. येत्या रविवारी मिस्सानंतर फादर दोन नावं वाचणार होते: सरांची ॲंजेला आणि ॲन्सेल्मचा ॲलिस्टर. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर सांगावी, असं फादर दर वेळी विचारतात. आजवर कुणी सांगितलेली नव्हती. सरांनी ती सांगायचं ठरवलं.

त्यांच्या बायकोचं, फेलिशियाचं म्हणणं होतं की कोंबडा आला असेल तर आला असेल, आपल्याला फुकटची पिल्लं मिळाली. सरांनी तिला समजावलं की प्रश्न कोंबड्याचा नाही, घराण्याचा आहे. ज्याला कोंबडा आवरत नाही त्याने मुलगा काय आवरला असेल? खाण तशी माती. मालकाचे गुण कोंबड्यात उतरत नाहीत, हे शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या सरांना पाठ होतं. ॲन्सेल्मच्या घरापुरता त्यांनी अपवाद केला.

मग सरांनी पाळत ठेवली. ॲलिस्टर केळ्यांचा घड द्यायला आला तो फाटकातून नाही, कुंपण ओलांडून आला. हा गुण बापाचा की कोंबड्याचा, हे सरांनी तूर्त उघडं ठेवलं. घड ठेवून घेतला.

शनिवारी संध्याकाळी ॲंजेला विरारच्या ऑफिसातून आली, तोवर आईने तिला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, त्यावर आनुवंशिकतेच्या धड्यातले चार चौकोन आखले आणि बापासमोर ठेवले.

"पप्पा, आपल्या या काळ्यांची आई कोण?"

कोंबडा काय, कोंबड्या काय, सगळी एकाच आईची. ती फेलिशियाची जुनी कोंबडी, ॲंजेलाच्या साखरपुड्याला तिचं कालवण झालं होतं आणि दोन्ही तंगड्या सरांनी खाल्ल्या होत्या. ती पांढरी होती.

"बाप काळा, आई पांढरी. पोरं सगळी काळी," ॲंजेला म्हणाली. "पांढरा गेला कुठे?"

"लपला," सर म्हणाले. प्रश्न धड्यातला होता, उत्तर दिल्यावाचून त्यांना राहवेना.

"आणि असे दोन लपवणारे जोडीला आले की?"

"चारात एक पांढरं."

"झालं तर मग."

"चारात एक, ॲंजेला. म्हणजे आठात दोन. मी चार मोजली." सरांनी पान स्वतःकडे ओढलं आणि खाली नवे चौकोन आखले. "आता बाप ॲन्सेल्मचा पांढरा धर. निम्मी पांढरी. आठात चार."

ॲंजेला क्षणभर पानाकडे पाहत राहिली. सरांना वर्ग जिंकल्यासारखं वाटलं.

"आठ पिल्लांवर कुठे हिशेब बसतो, पप्पा? निम्मे मुलगे, निम्म्या मुली, हेही तुम्हीच शिकवलंत. तुमच्या आईला सहाच्या सहा मुलगे झाले. तिथे कुंपणापलीकडे कोण राहायचं?"

स्वयंपाकघरात फेलिशियाचा डाव हवेत थांबला. सरांनी बराच विचार करून कबूल केलं की पिल्लं थोडी आहेत. आणखी दोन-तीन कोंबड्या अंड्यांवर बसवल्या तर चित्र स्पष्ट होईल.

"अंडी उबायला तीन आठवडे लागतात. रविवार उद्या आहे." तिने पान घडी करून बापाच्या हातात दिलं. "उभे राहा उद्या. हरकत कसली विचारलं तर कोंबडा म्हणा. मोडलं तर माझं लग्न मोडेल. कोंबडा तसाच कुंपणावर बसलेला असेल."

रविवारी फादरनी नावं वाचली, हरकतीचं विचारलं आणि पुढची सूचना वाचायला कागद उलटला. सर उभे राहिले. चर्चभर बाकं करकरली. उभं राहायचं सरांनी ठरवलं होतं. बोलायचं काय, हे रात्रभर चौकोन आखूनही ठरलं नव्हतं. त्यांनी ॲंजेलाकडे पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती आणि ते हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"हरकत नाही, फादर," सर म्हणाले. "शंका आहे."

शंकेची नोंद करायची सोय नाही, असं फादर म्हणाले. सर बसले. ॲंजेलाने हात सोडवले.

बाहेर आवारात ॲन्सेल्मने त्यांना गाठलं. काय शंका ती एकदाची बोलून टाका, म्हणाला. सरांनी पिल्लांपासून चौकोनांपर्यंत सगळं सांगितलं. ॲन्सेल्मने शांतपणे ऐकून घेतलं. तो रागावला नाही, उलट त्याला कोंबड्याची कीव आलेली दिसली.

"माझा कोंबडा? सर, तो तुमच्या कोंबड्यांना घाबरतो. एकदाच आला होता. तुमच्या मोठ्या काळीने असा चोपला की तेव्हापासून तुमच्याकडे तोंड करून बसत नाही."

सर चालता चालता थांबले.

"म्हणजे आला होता," ते म्हणाले. "किती वेळ होता?"