गोमेची चौथी जोडी

खेळघराच्या मोठ्या खोलीत सासरेबुवांची लाकडी गोम फरशीवर उभी होती, आणि सून तिच्याशेजारी पालथी पडून मागच्या पायांकडे डोळे वटारून पाहत होती.

पाय आठ. मूळ बेत सहांचा होता. पण कामाच्या सातव्या महिन्यात सासरेबुवांना ते ध्यान मुंगळ्यासारखं दिसू लागलं, नि कोणाला न विचारता त्यांनी मागे आणखी एक जोडी बसवली. हल्ली हात कापायचा त्यांचा. रंधा त्यांनी धरलाय की रंध्यानं त्यांना, कळायचं नाही. हे आपलं शेवटचं काम, असं ते म्हणत, आणि कुणी ‘नाही हो’ म्हणावं म्हणून जरा थांबत.

खेळघराच्या मॅनेजरबाईंनी सकाळीच भिंतीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. “चार वाजता येते. चालली तर दारात ठेवू, नाही तर भिंतीवर टांगू.”

साडेतीन झाले होते.

पाय हलवायचं काम सुनेचं. संगणकाला जोडलेल्या कार्डात चार काउंटर होते. काउंटर म्हणजे एकाच घड्याळाची टिकटिक मोजत बसलेले चार अबोल कारकून. आकडा भरला की विजेचा ठोका द्यायचा, पुन्हा मोजायला लागायचं. दर ठोक्याला एक जोडी पाऊल टाकी. पण चारही जोड्या एकदम उचलल्या तर गोम पोटावर आपटे. म्हणून दुसरीनं पहिलीच्या पाव फेरा मागून निघायचं, तिसरीनं अर्धा, चौथीनं पाऊण. आधी तिनं चौघांना एकेक करून हाक दिली होती, पण हाका मारता मारता संगणक दुसऱ्याच कामात रमे आणि पावाचा अर्धा होई. मग तिनं चौघांना एकाच इशाऱ्यावर बसवलं: इशारा झाला की आपापल्या वाटणीची टिकटिक मोजायची आणि मगच पाऊल.

तीन जोड्या झोकात निघत. चौथी ढिम्म.

“घरातले सगळे बाहेर पडले,” सासरेबुवा म्हणाले, “आणि मागचे दोघे अजून चपला शोधतायत.”

“बाबा, तुमची बिजागरी घट्ट बसलीय.”

“माझी? बोटानं हलवून बघ. बसवल्यापासून रोज तेल पाजलंय.”

तिनं तिसऱ्या जोडीची तार काढून चौथीला लावली. चौथी टुणकन चालू लागली. सासरेबुवा नुसते खोकले. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

“इशारा चौघांना एकच जातो हो,” ती रडवेली झाली. “मग यालाच काय धाड भरलीय?”

“आम्ही चौघं तुळई उचलायचो,” ते गोमेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. “मी हाक द्यायचो. पण आधी विचारायचो, हात लागले का? बाकीचे तिघंही ‘लागले’ म्हणाले की मग हाक. एकदा न विचारता दिली. चौथा तंबाखू मळत होता. तुळई माझ्या पायावर.”

सून उठून बसली. मग संगणकाकडे धावली.

चौथा काउंटर तिनं मागाहून जोडला होता, म्हणून प्रोग्रॅममध्ये त्याची ओळ सगळ्यांत तळाशी, इशाऱ्याच्या ओळीच्याही खाली. इशारा होऊन गेल्यावर बिचारा जागेवर येऊन बसे, आणि पुन्हा न येणाऱ्या इशाऱ्याची इमानानं वाट पाहत राही.

तिनं ओळ उचलून वर नेली. “हात लागले का?” तिनं हळूच विचारलं.

“लागले,” सासरेबुवा म्हणाले.

एक निघाली, दुसरी निघाली, तिसरी, आणि तिच्या मागोमाग पाऊणाच्या हिशेबानं चौथीही. वाऱ्यानं शेतातून लाट जावी तशी गोम खोलीभर गेली. चारच्या ठोक्याला आत आलेल्या मॅनेजरबाईंनी पाय आवरून तिला वाट दिली. गोम सरळ खुंट्यांखालच्या भिंतीला जाऊन धडकली, आणि तिथेच जागच्या जागी चालत राहिली.

“छान,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आता थांबवा.”

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. “थांबायचं अजून लिहिलं नाही.”

तिनं प्लग ओढला. सासरेबुवांनी भुशानं माखलेला अंगरखा काढून एका खुंटीवर टांगला.

“खुंट्या बऱ्या आहेत,” ते म्हणाले. “पुढच्या कामालाही लागतील.”